कढीपत्त्याच्या कुंडीतलं हृदय

(गिरगाव. चाळीची गॅलरी, कठड्यावर कढीपत्त्याची कुंडी.)

कुंडीखालच्या ताटलीत आठवडाभर पाणी साचलंय. त्यातली एक डासाची अळी आम्ही थेंबासकट काचपट्टीवर घेतली.

(सूक्ष्मदर्शकातून.)

अंग पारदर्शक, त्यामुळे पाठीलगतची नळी स्पष्ट दिसते. बघा, शेपटीकडून डोक्याकडे एक लाट सरकते, मागोमाग दुसरी. हेच तिचं हृदय.

बहुतेक कीटकांत ही नळी मागून बंद, पुढून उघडी, बाजूंना बारीक फटी. ती सैल पडली की भोवतालचं रक्त, म्हणजे हिमोलिम्फ, फटींतून आत शिरतं. आवळली की फटी मिटतात, रक्त पुढे जातं. डोक्यापाशी नळी संपते आणि रक्त मोकळं होतं. आतडं, स्नायू, मज्जातंतू, सगळं त्यातच बुडालेलं. आपल्यासारखं केशवाहिन्यांचं जाळं इथे नाहीच.

हे रक्त लालही नाही. ऑक्सिजन वाहून नेण्याचं काम त्याच्याकडे नाही. हवेच्या बारीक नळ्या तो थेट पेशींपर्यंत पोचवतात. अळी शेपटीकडची नळी पाण्याच्या वर का काढते, ते यावरून कळेल.

(मासळी बाजार. कोळीणमावशींची पाटी.)

चिंबोरीचं, म्हणजे खेकड्याचं, वेगळं. ती कल्ल्यांनी श्वास घेते आणि तिचा ऑक्सिजन रक्तातूनच जातो. त्या रक्तात लोहाच्या जागी तांबं, म्हणून ऑक्सिजन मिळाला की ते निळसर होतं.

(पुन्हा गॅलरी. पहाट.)

आता कढीपत्त्याच्या फांदीकडे. कॉमन मॉरमॉन फुलपाखराचा कोश उकलला. पंख चुरगळलेले, ओले, बोटाच्या पेराएवढेही नाहीत. फुलपाखरू पोट आवळतंय आणि रक्त पंखांच्या शिरांमध्ये ढकलतंय. छातीत, पंखांच्या मुळाशी, त्यासाठी वेगळे छोटे पंपही आहेत. सुरकुत्या एकेक करून सुटताहेत. हे दृश्य आम्ही कुठेही कापलेलं नाही.

पंख पूर्ण पसरले, तरी अजून मऊ आहेत. वाळून कडक होईपर्यंत ते असंच लटकून राहील. उडायला लागल्यावरही त्या शिरांतून रक्त फिरत राहतं.

ताटली आम्ही ओतून कोरडी केली. अशाच पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो, आठवड्यातून एकदा ती ओतायलाच हवी. पण पानं कुरतडलेली दिसली म्हणून झाडावर औषध फवारू नका. ती पानं याच फुलपाखराच्या अळीने खाल्ली होती.

(दोरीवरच्या कपड्यांवर ऊन. फुलपाखरू कठड्यावर येतं, पंख उघडतं, मिटतं, पुन्हा उघडतं.)