उरलेले पाच गुण

अमेरिकेतल्या रटगर्स कॉलेजच्या फुटबॉल संघात एक उंचापुरा कृष्णवर्णीय तरुण होता, पॉल रोबसन. पुढे साऱ्या जगाने त्याचं गाणं ऐकलं. पण त्याआधी त्याला वकील व्हायचं होतं.

न्यू जर्सीतलं प्रिन्स्टन गाव. ९ एप्रिल १८९८ चा जन्म. वडील विल्यम जन्माने गुलाम. पंधराव्या वर्षी नॉर्थ कॅरोलिनातल्या मळ्यातून पळाले, शिकले, पाद्री झाले. ते पद हातचं गेलं तेव्हा त्यांनी गाडीतून लोकांच्या घरची राख वाहिली. पॉल सहा वर्षांचाही झाला नव्हता, तोच शेगडीतल्या निखाऱ्याने कपडे पेटून आई गेली.

मग वडिलांनीच त्याला घडवलं. संध्याकाळी शेजारी बसवून लॅटिनचे धडे करून घेतले. शंभरपैकी पंच्याण्णव मिळाले, तर उरलेल्या पाचांचा हिशेब घरी द्यावा लागे.

१९१५ मध्ये रटगर्सच्या शिष्यवृत्तीची परीक्षा आली. इतर मुलांनी हायस्कूलच्या पहिल्या तीन वर्षांच्या अभ्यासाची परीक्षा वर्षभर आधीच देऊन टाकली होती. पॉलला हे उशिरा कळलं. त्याने चारही वर्षांचा अभ्यास तेवढ्याच वेळात लिहिला आणि पहिला आला.

रटगर्समध्ये पाऊल ठेवणारा तो केवळ तिसरा कृष्णवर्णीय विद्यार्थी. अमेरिकन फुटबॉल म्हणजे चेंडू हातात घेऊन धावायचा, अंगावर धडकायचा खेळ. त्याच्या निवडीला उतरला, तर स्वतःच्याच कॉलेजच्या पोरांनी नाक फोडलं, खांदा निखळवला. दहा दिवस अंथरुणात. सोडून द्यावं, असं मनात आलं. पण वडिलांचं सांगणं होतं, तू एकटा नाहीस. शिकू पाहणाऱ्या, खेळू पाहणाऱ्या आपल्या सगळ्या पोरांच्या वतीने तू तिथे उभा आहेस.

तो परत गेला. जमिनीवर टेकलेल्या त्याच्या पंजावर एकाने खिळ्यांचा बूट दाबला. हाड वाचलं, नखं उपटली गेली. पुढच्याच डावात पॉलने चेंडू घेऊन धावणाऱ्याला डोक्यावर उचललं. आपटणार, एवढ्यात प्रशिक्षक सँडफर्ड ओरडले, तुझी संघात निवड झाली! हा प्रसंग पुढे त्याने स्वतःच सांगितला आहे.

तरीही १९१६ मध्ये दक्षिणेतल्या एका संघाने कृष्णवर्णीयाविरुद्ध खेळायला नकार दिला, तेव्हा रटगर्सने त्यालाच बाहेर बसवलं. ही गोष्ट मला आजही बोचते. पुढे १९१७ आणि १९१८, सलग दोन वर्षं तो अखिल अमेरिकन संघात, म्हणजे देशभरातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूंच्या मानाच्या यादीत, निवडला गेला.

मे १९१८ मध्ये वडील गेले. काही दिवसांतच वक्तृत्व स्पर्धा होती. वडिलांची इच्छा म्हणून तो उभा राहिला आणि जिंकला.

मग कायद्याचं शिक्षण, कोलंबिया विद्यापीठात. चारच वर्षांपूर्वी बाबासाहेब आंबेडकर जिथे शिकून गेले होते, तेच हे विद्यापीठ. फीसाठी पॉल व्यावसायिक फुटबॉल खेळायचा, आधी अ‍ॅक्रनकडून, मग मिल्वॉकीकडून. १९२३ मध्ये पदवी हातात पडली.

न्यूयॉर्कच्या एका वकिली कचेरीत तो रुजू झाला. एक दिवस मजकूर सांगायला त्याने लघुलेखिकेला बोलावलं. कृष्णवर्णीयाचा मजकूर मी उतरवून घेणार नाही, असं तिने तोंडावर सांगितलं.

पॉल तिथून निघाला. वकिलीची सनद मिळवण्याची परीक्षा त्याने कधीच दिली नाही.