हेडफोनला ॲम्प्लिफायर जोडल्यावर नेमके काय बदलते?

श्रोतेहो, नमस्कार. मोबाइल आणि हेडफोन यांच्यामध्ये काडेपेटीएवढा ॲम्प्लिफायर जोडला की गाणे एकदम खुलते, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. ते खोटे बोलत नसतात. फक्त त्या खुलण्याचे कारण बहुतेक वेळा ते समजतात त्याहून निराळे असते.

आधी शक्तीचा हिशेब पाहू. हेडफोन विजेच्या प्रवाहाला जो विरोध करतो, त्याला इम्पिडन्स म्हणतात आणि तो ओहममध्ये मोजतात. प्रवासातले बरेच हेडफोन 32 ओहमच्या आसपास असतात. 1984 साली आलेला कॉस कंपनीचा पोर्टा प्रो 60 ओहमचा आहे. 32 ओहमच्या हेडफोनला अर्धा व्होल्ट मिळाला, तर सुमारे 8 मिलिवॅट शक्ती पोहोचते, आणि 1 मिलिवॅटवर 100 डेसिबल देणारा हेडफोन तेवढ्यात 109 डेसिबलपर्यंत जातो, म्हणजे कानाला सोसवणार नाही इतका. तोच अर्धा व्होल्ट 300 ओहमच्या हेडफोनला दिला, तर पुरता 1 मिलिवॅटही पोहोचत नाही. तिथे ॲम्प्लिफायरचा उपयोग होऊ शकतो; पण प्रवासातल्या साध्या हेडफोनला शक्ती अपुरी पडते, हे मला तरी पटत नाही.

मग फरक कशाचा ऐकू येतो? पुष्कळदा केवळ आवाज वाढल्याचा. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 मध्ये दाखवून दिले की हळू आवाजात आपला कान खर्जाला मंद असतो. साहजिकच आवाज थोडा चढताच पखवाजाच्या कणीक लावलेल्या अंगाचा घुमारा अधिक भरीव वाटतो. म्हणून तुलना करताना दोन्ही आवाज आधी सारखे करून घ्यावेत, मग जोडण्या मित्राला बदलायला सांगाव्यात आणि आपण पाठ करून बसावे. असे केल्यावर अनेकांचा आत्मविश्वास डळमळतो, माझाही डळमळला होता.

तरीही एक फरक खरा आहे, आणि विहिरीवरची मोटार चालवणाऱ्या श्रोत्यांना तो लगेच उमजेल. डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, दूर आणि वायर बारीक असली, की मोटार बंद असताना मीटर पुरेसे व्होल्टेज दाखवतो, पण मोटारीने भार घेताच काटा खाली येतो. मोबाइलच्या किंवा जुन्या प्लेअरच्या आतही अशीच एक बारीक वायर असते असे समजा. तिच्या विरोधाला आउटपुट इम्पिडन्स म्हणतात. हेडफोनचा इम्पिडन्स मात्र सगळ्या सुरांना सारखा नसतो. समजा तो मधल्या सुरांना 32 ओहम आणि खर्जात एके ठिकाणी 64 ओहम आहे. उपकरणाचा आउटपुट इम्पिडन्सही 32 ओहम असेल, तर मधल्या सुरांचे व्होल्टेज निम्मे होते आणि त्या खर्जाला दोन तृतीयांश मिळते. म्हणजे खर्ज अडीच डेसिबलने फुगतो. हाच आउटपुट इम्पिडन्स 2 ओहम असणाऱ्या ॲम्प्लिफायरवर तो फुगवटा पाव डेसिबलवर येतो. गंमत अशी की फुगलेल्या खर्जाची सवय झालेल्याला अशा वेळी ‘बेस गेला’ असेच वाटते, आणि बिचाऱ्या ॲम्प्लिफायरला दोष मिळतो. मोबाइलचा आउटपुट इम्पिडन्स मुळातच कमी असेल, तर हा फरकही उरत नाही.

अतिसंवेदनशील इअरफोनवर मात्र ॲम्प्लिफायरमुळे गाण्यांमधल्या शांततेत सूं सूं असा आवाज ऐकू येऊ शकतो.

एक गोष्ट एसटीतली. इंजिनाची घरघर खर्ज झाकून टाकते, तेव्हा हात आपोआप आवाजाच्या बटणाकडे जातो, आणि जोडीला ॲम्प्लिफायर असेल तर त्या बटणाला जणू वरची सीमाच उरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला फार तर 40 तास ऐकावा, 90 डेसिबलचा मात्र केवळ 4 तास. म्हणजे नांदेडहून छत्रपती संभाजीनगरला निघालेल्या गाडीत जालना येण्याच्या सुमारास आठवडाभराचा वाटा संपलेला असतो.