शनिवारी तीनच्या आत

(दृश्य: हिरव्या पाटीचं दुकान, दाराशी लगबग)

स्वीडन. शनिवार दुपार, तीनला दहा कमी. 'सिस्टेमबोलागेट' या सरकारी दुकानात झुंबड उडालीय. तीनला दार लागलं की उघडणार ते थेट सोमवारी. पाहुणे उद्या येणार असले, तरी बाटली आत्ताच न्यायला हवी. साडेतीन टक्क्यांपर्यंतची बिअर किराणा दुकानात मिळते. त्याहून कडक बिअर, वाइन किंवा व्हिस्की घरी न्यायची, तर सहसा इथंच यावं लागतं.

आत माल भरपूर आहे, पण लाडीगोडी नाही. सहा कॅन घ्या नाहीतर एक, भावात सूट नाही. थंडगार बिअरचा फ्रिजही शोधू नका. वीस वर्षं पूर्ण झालेली हवीत. बारमध्ये मात्र अठराव्या वर्षीच ग्लास हातात मिळतो!

(दृश्य: शिक्क्यांनी भरलेली जुनी वही)

हे जाचक वाटतंय? मग ही वही बघा. हिला म्हणायचे 'मूटबोक'. दारूचं रेशनकार्डच म्हणा ना. इव्हान ब्राट नावाच्या डॉक्टरांच्या डोक्यातून ही व्यवस्था निघाली. त्यांना सरसकट दारूबंदी नको होती. 1922च्या सार्वमतात ती बंदी अगदी थोडक्यात हुकली. वही मात्र 1955पर्यंत टिकली.

वही मागितली की आधी तुमची चौकशी व्हायची. कमाई किती, वागणूक कशी, घरदार आहे का, यावर कोटा ठरायचा. प्रत्येक खरेदीला शिक्का. लग्न झालेल्या बाईला सहसा वही मिळतच नसे, कारण नवऱ्याकडे होती ना!

हॉटेलातही पेग हवा तर जेवण मागवणं सक्तीचं होतं. लोकांनी त्यावरही तोड काढली. समोर एक स्वस्तातला पदार्थ यायचा, त्याला कुणी हात लावायचं नाही, आणि तीच बशी पुढच्या टेबलावर जायची. कायदा पाळला, पेगही झाला.

(दृश्य: डोंगराळ गाव, व्हिस्कीची पिंपं)

अशी पळवाट कधीकधी कायदाच करून देतो. अमेरिकेत टेनेसी राज्यातलं लिंचबर्ग हे जॅक डॅनियल्स व्हिस्कीचं गाव, आणि तेही दारूबंदीच्या मूर काउंटीत. तिथं डिस्टिलरी बघायला गेलात, तर आठवण म्हणून खास बाटली विकत घेता येते. आत व्हिस्की असते, हा भाग वेगळा.

(दृश्य: शेतावरची छोटी डिस्टिलरी)

आता पुन्हा स्वीडन. जून 2025पासून छोट्या उत्पादकांना आपला माल जागेवरच विकायची मुभा मिळालीय. पण नुसतं जाऊन बाटली मागायची नाही. आधी पैसे भरून कारखाना बघायचा किंवा त्यावरचं व्याख्यान ऐकायचं. ते झालं की कडक दारू माणशी जास्तीत जास्त सातशे मिलिलिटर.