साका आणि निवळ

(दृश्य: शीतगृह. हातमोजे घातलेले हात गोठलेली बाटली कापतात.)

ही पिवळसर ढेप म्हणजे कुणाच्या तरी दंडातून आलेला प्लाझ्मा, रक्तातला पेशी वगळून उरणारा द्रव. बाटलीवरच्या बारकोडवरून त्या माणसापर्यंत मागे जाता येतं. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांच्या चाचण्या पार केल्याशिवाय एकही बाटली या टेबलावर येत नाही.

(दृश्य: ढेपा टाकीत पडतात.)

हजारो दात्यांचा प्लाझ्मा इथे एक होतो. त्यात बहुतेक पाणीच; प्रथिनं लिटरमागे जेमतेम सत्तर ग्रॅम. त्या प्रथिनांचीच औषधं होतात; त्यासाठी ही सगळी खटपट. ढेपा अगदी सावकाश, चार अंशांच्या आसपास वितळू देतात. आता टाकीच्या कडेला बघा. सगळं वितळलं, तरी एक पांढरट, चिकट साका उरलाच. घाईनं गरम केलं असतं तर तोही विरघळून गेला असता. रक्ताची गुठळी व्हायला लागणारं प्रथिन, फॅक्टर आठ, या साक्यातच असतं, हे 1964 मध्ये शास्त्रज्ञ ज्युडिथ पूल यांनी दाखवून दिलं.

(दृश्य: टाकी ढवळली जाते. नियंत्रण फलकावर उणे 5 अंश.)

वरची निवळ पुढच्या टाकीत जाते. इथून रीत जीवरसायनशास्त्रज्ञ एडविन कोन यांची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हार्वर्डमध्ये त्यांनी ती बसवली. थंडी, मद्यार्क, सामू, क्षार आणि प्रथिनांचं प्रमाण, या पाचांना हात लावायचा. मद्यार्क आठ टक्के झाला की फायब्रिनोजेन, गुठळीचे धागे बनवणारं प्रथिन, खाली बसतं. पंचवीस टक्क्यांपर्यंत नेला की प्रतिपिंडं. चाळीस टक्के मद्यार्क आणि सामू 4.8, आणि अल्ब्युमिन, प्लाझ्मातलं सर्वांत मुबलक प्रथिन, द्रवातून बाहेर पडतं. इतका मद्यार्क उबेत घातला तर प्रथिनं बिघडतात, म्हणून फलकावरचा हा आकडा कामगारांच्या नजरेआड होत नाही.

(दृश्य: फिल्टर प्रेस उघडते.)

एकेक पाट सरकतो आणि पांढरा लगदा खरवडून काढला जातो. थोडाही वाया जाऊ देत नाहीत. द्यायला आलेल्या माणसाचा एवढा मान राखायलाच हवा.

(दृश्य: बाटल्या गरम पाण्याच्या टाकीत.)

अल्ब्युमिन साठ अंशांवर दहा तास. प्रतिपिंडांना द्रावक आणि डिटर्जंट, त्यानं विषाणूंचं चरबीचं आवरण फुटतं. मग काही नॅनोमीटर रुंदीच्या छिद्रांची गाळणी. ही काळजी पुरेशी नव्हती तेव्हा, 1980च्या दशकात, फॅक्टर आठच्या बाटल्यांतून हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त लवकर न थांबणाऱ्या आजाराच्या, हजारो रुग्णांना एचआयव्हीची लागण झाली.

(दृश्य: सील होणाऱ्या बाटल्यांची रांग. मग दानकेंद्र.)

दान दिल्यापासून इथवर यायला कित्येक महिने जातात. म्हणजे पुढच्या वर्षीची प्रतिपिंडं आज या खुर्च्यांवर बसलेल्या माणसांच्या अंगात आहेत. प्रतिपिंडांचं हे मिश्रण कुठल्याही कारखान्यात दात्यांवाचून तयार होत नाही.

यंत्र प्लाझ्मा ठेवून घेतं. लाल पेशी त्याच नळीतून परत जाताहेत.