काळी मारबत आणि प्रिंटमधला काळा

नमस्कार श्रोतेहो. आज ब्लॅक अँड व्हाइट फोटोबद्दल बोलू. फोनवर बघायच्या नाही, डिजिटल कॅमेऱ्यातून कागदावर उतरवून भिंतीवर लावायच्या प्रिंटबद्दल.

चांगली प्रिंट मी तिच्या काळ्यावरून ओळखतो. काळा गडद हवा आणि त्या काळ्याच्या आतलंही दिसायला हवं. पुन्हा सांगतो: गडद हवा, आणि आतलं दिसायला हवं.

नागपूरच्या इतवारीत आमच्या ओळखीच्या एक आजी राहतात. तान्ह्या पोळ्याला त्यांच्या घरावरून काळी मारबत, म्हणजे ईडा पीडा घेऊन जाणारा मोठा काळा पुतळा, मिरवत जाते. १८८१ पासूनची ही मिरवणूक. (आता पुढे डीजे असतो. ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ हेच ऐकू येत नसेल, तर पीडा जाईल कशी, सांगा बरं!) नातवानं गच्चीवरून फोटो काढला आणि मोठी प्रिंट करून आणली. आजींनी चष्मा चढवला.

“काहून रे, डांबर ओतून आणलं का बाप्पा? मारबत कुठं हाय?”

स्क्रीनवर तर सगळं दिसत होतं! पण स्क्रीन स्वतः उजळते, कागद उजळत नाही. त्यात पोरानं ब्राइटनेस पूर्ण ठेवलेला. मग त्यानं अख्खा फोटोच उजळवला. आजी म्हणाल्या, “काळी ठाऊक होती, पिवळी ठाऊक होती, हे राखाडी कुठून आणली?”

पोरगं माझ्याकडे आलं. आम्ही आधी स्क्रीनचा ब्राइटनेस खाली आणला. मग मूळ फोटोत मारबतीचे गाल, कपाळ, खांदे एवढेच किंचित उजळवले. मानेखालची सावली काळीकुट्टच ठेवली. त्याच कागदावर छोट्या पट्ट्या छापून पाहिल्या आणि रात्रभर सुकू दिल्या, कारण ताजी प्रिंट फसवते. सकाळी ट्यूबलाइटखाली धरली, तर हिरवट झाक! प्रिंटर रंगीत शाया मिसळून राखाडी करत होता. बऱ्याच फोटो प्रिंटरांत ब्लॅक अँड व्हाइटची वेगळी सेटिंग असते. तिच्यात मुख्य भार काळ्या-करड्या शायांवर असतो. ती लावली.

आजींनी प्रिंट नाकाशी धरली आणि खांद्यावर बोट ठेवलं. “हे पाय, कागद चिकटवल्याची घडी. काळ्या रंगाखालून दिसते!”

आता कागदाचं. चकचकीत कागदावर काळा जास्त खोल उतरतो, पण समोर खिडकी असली की फोटोऐवजी खिडकीच दिसते. मॅटवर, म्हणजे न चकाकणाऱ्या कागदावर, काळा थोडा उथळ, पण डोळ्यांना त्रास नाही. आठ बाय दहा इंचाला २४०० बाय ३००० पिक्सेल असले की भागतं. व्हॉट्सअॅपवरून फिरून आलेला फोटो छापू नका. आणि जुनं दिसावं म्हणून नव्या फोटोला तपकिरी रंग फासणं मला तरी मुळीच पटत नाही.

आजींना आता पिवळी मारबत हवी आहे. तिथं अडचण उलटी: रंग काढले की पिवळी आणि आकाश, दोन्ही फिकट पडतात. पण आकाश निळं असेल, तर रंग काढताना निळ्याचा स्लायडर खाली ओढायचा. आकाश गडद होतं, पिवळी जागच्या जागी उजळ राहते.