विषाणू गेल्यानंतरच्या पेशी

(दृश्य: जिल्हा रुग्णालयाची प्रयोगशाळा. रक्ताच्या नळ्यांवर नावं लिहिली जात आहेत.)

हिपॅटायटिस सी झालेल्या बहुतेकांचे डोळे कधी पिवळे होत नाहीत. कावीळ म्हटली की आपल्याला पिवळे डोळे आठवतात, उसाचा रस आठवतो, गावातला कावीळ उतरवणारा आठवतो. इथे त्यातलं काहीच घडत नाही. रक्तदान करताना किंवा शस्त्रक्रियेआधीच्या तपासणीत अचानक कळतं, आणि तोवर विषाणू यकृतात दहा-वीस वर्षं मुक्काम करून असतो. तेवढीच वर्षं शरीराच्या संरक्षक पेशी त्याच्याशी झुंजत असतात. त्या पेशींचं काय होतं, आणि औषधाने विषाणू गेल्यावर त्या पूर्ववत होतात का?

लागण झालेल्या दर 100 जणांपैकी साधारण 15 ते 45 जण सहा महिन्यांच्या आत औषधाशिवाय बरे होतात. हे काम मुख्यतः टी पेशी नावाच्या संरक्षक पेशींचं. सीडी8 प्रकारच्या टी पेशी विषाणू शिरलेल्या यकृतपेशी हेरून मारतात, सीडी4 प्रकारच्या पेशी त्यांना बळ पुरवतात. लढाई संपली की थोड्या पेशी त्या विषाणूची ओळख जपत मागे राहतात, त्या स्मृतिपेशी.

बाकीच्यांमध्ये सुरुवात अशीच होते, पण सीडी4 पेशींची कुमक आटते. विषाणू मात्र थांबत नाही. एका रुग्णाच्या शरीरात दिवसाला सुमारे 1 लाख कोटी नवे विषाणू तयार होतात, असा हिशेब 1998 साली मांडला गेला. या अखंड माऱ्यात सीडी8 पेशी आतून बदलत जातात. आधी त्यांची संख्या वाढवायची ताकद जाते, मग इतर पेशींना इशारा देणारी रसायनं आटतात. पेशी जिवंत असते, शत्रू समोर असतो, आणि तिचा हात उठत नाही.

याला शास्त्रज्ञ पेशींचा थकवा म्हणतात. तो आधी उंदरांमध्ये दिसला. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात शिकलेले आणि पुढे अमेरिकेत अटलांटाच्या एमरी विद्यापीठात काम करणारे रफी अहमद या संशोधनात अग्रणी आहेत. 2006 साली त्यांच्या गटाने दाखवलं, की थकलेल्या पेशींवर पीडी-1 नावाचं प्रथिन मोठ्या प्रमाणात असतं आणि ते पेशीला लगाम घालतं. लगाम सैल केला, तर उंदरांतल्या या पेशी काही प्रमाणात पुन्हा कामाला लागल्या. हेच पीडी-1 तासुकू होंजो यांच्या गटाने क्योटोत 1992 साली शोधलं होतं.

पण हा लगाम मुळात का? हिपॅटायटिसमध्ये यकृताचं बरंचसं नुकसान विषाणू स्वतः करत नाही. ते आपल्याच पेशींच्या हल्ल्यातून आणि त्यामागून येणाऱ्या दाहातून होतं. वीस वर्षं पूर्ण ताकदीने हल्ला चालू राहिला असता, तर यकृत टिकलं नसतं. म्हणून या थकव्याला निव्वळ पराभव म्हणणं मला पटत नाही. शरीराने जगण्यासाठी केलेली ती तडजोड आहे, आणि तिची किंमत मोठी आहे.

(दृश्य: औषधवाटप खिडकी, गोळ्यांची बाटली हातात घेणारा रुग्ण.)

पूर्वी उपचार म्हणजे इंटरफेरॉनची इंजेक्शनं, अनेकांना 48 आठवडे. ताप, अंगदुखी, नैराश्य. शिवाय या औषधाने रक्तातल्या पांढऱ्या पेशीच कमी व्हायच्या. 2013 च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत सोफोस्बुविर या विषाणूची वाढ रोखणाऱ्या गोळीला मंजुरी मिळाली. तिथे 12 आठवड्यांच्या गोळ्यांची किंमत होती 84,000 डॉलर. पुढे भारतीय कंपन्यांनी ती अगदी थोड्या पैशांत बनवली. 28 जुलै 2018 ला सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमातून सरकारी केंद्रांवर हे उपचार मोफत मिळू लागले. अशा गोळ्यांनी 95 टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात.

आणि पेशी? नैसर्गिक मारक पेशी, म्हणजे एनके पेशी, विषाणू ओसरताच बऱ्याच अंशी मूळ वागणुकीवर येतात. दाहाच्या खुणा झपाट्याने उतरतात. जिवाणूंवर नजर ठेवणाऱ्या मेट नावाच्या पेशी मात्र रक्तात कमीच राहतात.

सीडी8 पेशींचं उत्तर 2021 साली आलं, बोस्टन आणि जर्मनीतल्या फ्रायबुर्ग इथल्या प्रयोगशाळांमधून. बरं झाल्यावर या पेशी वरून स्मृतिपेशींसारख्या दिसू लागतात. आत डोकावलं, तर डीएनएची कुठली पानं उघडी आणि कुठली मिटलेली, ही मांडणी थकलेल्या पेशीचीच असते. संशोधकांनी तिला व्रण म्हटलं.

त्या अभ्यासांत एक फार मोलाची गोष्ट सापडली. हिपॅटायटिस सीचा विषाणू स्वतःची नक्कल करताना सतत चुका करतो. कधी नेमका तोच तुकडा बदलतो, जो एखादी सीडी8 पेशी ओळखत असते. मग त्या पेशीपुरता विषाणू जणू लवकरच नाहीसा होतो, रुग्णाच्या शरीरात तो असूनही. अशा पेशी तपासल्या, तेव्हा त्या आपोआप बऱ्या झालेल्या माणसांच्या स्मृतिपेशींच्या बऱ्याच जवळ निघाल्या. माणूस तोच, आजार तोच, फरक फक्त संपर्काच्या काळाचा. म्हणून मला वाटतं, “त्रास नाही, पुढच्या वर्षी गोळ्या घेऊ” हे वाक्य कुठल्याही रुग्णाने बोलू नये आणि कुठल्याही डॉक्टरने ऐकून घेऊ नये.

हिपॅटायटिस बीची गोष्ट आणखी अवघड. त्याचा डीएनए यकृतपेशीच्या केंद्रकात दडून बसतो. टेनोफोविरसारखी गोळी विषाणूची वाढ रोखते, तो साठा काढत नाही. दोन्ही विषाणू एकत्र असतील, तर सीचा उपचार चालू असताना बी उसळू शकतो. त्यामुळे सीची गोळी सुरू करण्याआधी बीची तपासणी करतात.

(दृश्य: सोनोग्राफीचा पडदा.)

सिऱ्होसिस, म्हणजे यकृत व्रणांनी कडक होण्याचा आजार, झालेल्यांना विषाणू गेल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी लागते, कारण यकृताच्या कर्करोगाचा धोका उरतो. सी विषाणूची लागण पुन्हाही होऊ शकते, आणि त्याच्यावर लस नाही. बऱ्या झालेल्या माणसाची अँटिबॉडी तपासणी, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेल्या प्रथिनांची तपासणी, पुढे अनेक वर्षं पॉझिटिव्हच येते. त्या कागदावरून विषाणू आहे की नाही, ते ठरत नाही. त्यासाठी विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी आरएनए तपासणी करावी लागते. उपचार संपल्यावर 12 आठवड्यांनी ती केली आणि विषाणू सापडला नाही, तर रुग्ण बरा झाला असं धरतात.