हातचा

(माहितीपटाचं निवेदन. तुर्भे. डोंगरउतारावरची वस्ती. सकाळची शाळा भरते आहे.)

चौथीचा वर्ग. बाईंच्या टेबलावर वजाबाकीच्या चाचणीचे पेपर.

हे दोन नीट बघा. दोन्हींवर लाल शाईत १० पैकी ५.

या मुलानं दहाही गणितं सोडवलीत. ५२ वजा २७, उत्तर ३५. ६३ वजा २८, उत्तर ४५. ८१ वजा ३६, उत्तर ५५.

बाई त्याला जवळ घेतात.
"हे कसं केलंस, सांग बघू."
"बाई, सातातून दोन गेले, पाच."

वरचा अंक कुठला, खालचा कुठला, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. मोठ्यातून लहान काढायचं, हा एकच नियम त्यानं दहाही ठिकाणी इमानानं पाळलाय. बिनहातच्याची पाच बरोबर आली, हातच्याची पाच चुकली. याला निष्काळजीपणा कसं म्हणणार?

मग काड्या निघतात. दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या.
"सात दे मला."
तो थांबतो. दोन काड्या पुढे करतो, मागे घेतो. एका गठ्ठ्याच्या रबराशी बोटं चाळा करतात.
हे चित्रण आम्ही कुठेही कापलेलं नाही.
रबर सुटतं. बारा सुट्या.

शिक्षण हक्क कायदा २०१० मध्ये लागू झाला आणि राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्यात तिसरी-चौथीला १०० पैकी ६० गुण आकारिकचे, म्हणजे शिकता-शिकता वर्गातच होणाऱ्या मूल्यमापनाचे, ठेवले. निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक. म्हणजे आत्ता टेबलाशी जे चाललंय, तेच. नोंदवहीत मात्र 'वजाबाकी करतो' एवढंच लिहिलं जातं. 'वरचा अंक लहान असला की उलटं वजा करतो' असं लिहिलं, तर उद्या काय शिकवायचं ते कुणालाही कळेल.

पाचवीला आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा आहे. फेरपरीक्षेतही नापास झालं, तर मूल त्याच वर्गात राहतं.

दुसरा पेपर या मुलीचा. घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा समाजाची बोली बोलतात. आकड्यांची पाचही गणितं बरोबर, हातच्याची धरून. शाब्दिक उदाहरणं कोरी.
बाई एक वाचून दाखवतात. "दुकानात ७२ नारळ होते. ४५ विकले. उरले किती?"
"सत्तावीस."
वजाबाकी तिला येतच होती. पेपरानं तपासलं ते वाचन, आणि गुण कापले गणिताचे.

"आता तू वाच."
ती 'दुकानात'खाली बोट ठेवते.